कॉन्टेसाला लाईन लॉक बसवला, आट्यांनी सोळा दिवस खाल्ले

ड्रॅगसाठी, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीसाठी, तयार करतोय त्या कॉन्टेसा गाडीला लाईन लॉक बसवला. वायरिंग, बटण, ब्रॅकेट सगळं एका रविवारी सांगलीत घरासमोरच उरकलं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो, हा पुढच्या ब्रेक लाईनमध्ये बसणारा 12 व्होल्टचा व्हॉल्व्ह, पेडल दाबायचं, बटण दाबून धरायचं, पेडल सोडायचं, पुढची चाकं जाम आणि मागची मोकळी, मग मागचे टायर जागेवरच फिरवून तापवायचे.

अडलं ते आट्यांवर. किट अमेरिकन मापाचं, पाईपचे नट 3/8 इंची, इंचाला 24 आटे. माझ्या गाडीला आधीच्या मालकानं जपानी मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल पुढं ढकलतो तो) टाकलाय, त्याचे आटे 10 मिमी, पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, 1 मिमी. आता 3/8 म्हणजे साडेनऊ मिमी, पिच साधारण 1.06, त्यामुळे किटचा नट सिलिंडरमध्ये हातानं चार आटे आरामात जातो आणि वाटतं बसला. घट्ट केला, पेडल दाबलं, नटाच्या कडेला एक थेंब फुगला आणि खाली ओघळला. पुसला, परत दाबलं, परत थेंब. जिथनं सामान घेतलं त्या दुकानदाराला दाखवलं तर म्हणतो, "टेफलॉन टेप मारा की, बसतंय." ब्रेकला टेप! फ्लेअरच्या जोडाला सील आट्यांनी होत नाही, पाईपचं फुलवलेलं तोंड आतल्या कोनावर दाबून बसतं तिथं होतं, हे तीन चकरा मारून सांगितलं तरी त्याचं एकच, सगळे असंच करतात. दुसऱ्या दुकानदारानं फ्रिजची तांब्याची नळी दाखवली, ती तर अजिबात घेऊ नका, ब्रेकला स्टीलचीच आणि तोंड डबल फ्लेअरच, म्हणजे दुमडून दुहेरी फुलवलेलं, पाहिजे.

शेवटी कुपवाड एमआयडीसीतल्या एका लेथवाल्या मामांनी आटे गेज लावून दोन मिनिटांत सांगितलं, "पोरा, हे दोन वेगळे आटे हायत." लाईन लॉकच्या बाजूला बसणारे दोन अडॅप्टर त्यांनी करून दिले, आत 10 बाय 1 चे आटे, तळाला नीट कोन, आणि 10 मिमीचे नट टाकून स्टीलचे नवे पाईप केले. सोळा दिवस गेले होते.

हां, ब्रेकच्या पाईपांतली हवा काढताना बटण दाबू नका, करंट नसला की व्हॉल्व्ह उघडा असतो, तेव्हाच काढायची. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा, माझ्या बोनेटखालच्या पत्र्याचा रंग उडालाय. वायरला फ्यूज घाला. आणि हँडब्रेक म्हणून वापरू नका, व्हॉल्व्हची कॉइल तापते.

त्या रात्री गाडी चार स्टँडवर घेतली, भावाला पेडल दाबायला लावलं, मी बटण धरलं, त्यानं पाय काढला. पुढचं चाक दोन्ही हातांनी हलवलं, हललं नाही. मागचं एका बोटानं फिरलं. नट टॉर्चनं पाहिला, कोरडा. भाऊ झोपायला गेला तरी मी तासभर तिथंच बसलो होतो.