तीन वर्षांत होईल ना पीएचडी?

परवा एका ज्युनिअरचा फोन आला, ताई रजिस्ट्रेशन झालंय, तीन वर्षांत होईल ना? आता हिला काय सांगायचं. यूजीसीच्या २०२२ च्या नियमात कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ६ वर्षं आहेत, री-रजिस्ट्रेशन केलं तर आणखी २, बायकांना वर अजून २. मीही तेव्हा तीनच धरली होती. भिंतीवर तक्ता, सहा महिने कोर्सवर्क, वर्षभर दफ्तर, वर्षभर लिखाण, उरलेल्यात बाकीचं.

कोर्सवर्क झालं आपलं वेळेत. घोडं अडलं पुण्याच्या पेशवे दफ्तरात (पेशवाईतल्या सरकारी कागदांचा संग्रह). माझा विषय अठराव्या शतकातला महसूल, कागद सगळे मोडीत. मोडीचा कोर्स केलेला, बाराखडी पाठ, त्यामुळे वाटलं येतंय की. पहिला रुमाल सोडला (कागदांचा कापडात बांधलेला गठ्ठा म्हणजे रुमाल) आणि शब्द तोडायचा कुठे तेच कळेना, वर सलग रेघ आणि खाली लेखणी न उचलता लिहीत गेलेला कारकून. त्यात तारखा अरबी आकड्यांत, सन सलास सबैन मया व अलफ म्हणजे ११७३, त्यात ५९९-६०० मिळवा मग येतं इसवी सन १७७२-७३. पहिल्या महिन्यात १२ कागद झाले. तक्त्यात दिवसाला १० होते! आणि मी कॉलेजात सीएचबीवर (म्हणजे तासाच्या हिशोबाने) शिकवत होते, तास बुडवला की पैसे गेले, म्हणजे दफ्तरात जायचं फक्त सुट्टीत, आणि रविवारी दफ्तरालाही सुट्टी.

मग तक्ता काढला आणि शेवटाकडून मोजत आले. थिसिस जमा करायची तारीख, त्याआधी प्री-सबमिशन प्रेझेंटेशन, प्लेजरिझम रिपोर्ट, त्याआधी सरांना वाचायला तीन महिने (सर मनापासून वाचतात पण पेपर तपासणीच्या दिवसांत नाही), त्याआधी लिखाण. असं करत कागद वाचणं थांबवायची तारीख निघाली ती नऊ महिन्यांवर. मुकाट्याने विषय तीन परगण्यांवरून एका परगण्यावर आणला, कमिटीपुढे जाऊन सांगितलं, बोलणी खाल्ली. जमा केल्यावर बाहेरच्या परीक्षकांचे रिपोर्ट आणि व्हायवा, ते आपल्या हातात नाही म्हणून मोजलंच नाही.

तर तिला म्हटलं, सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) द्यायच्या आधी आठवडाभर दफ्तरात बस, दिवसाला खरंच किती कागद होतात ते बघ. ती म्हणाली, ताई माझं केमिस्ट्री आहे. म्हटलं मग तुझं सॅम्पल ज्या मशीनवर जाणार तिथे नंबर किती दिवसांनी लागतो ते विचारून ये आधी.