थाळनेरच्या शेतात चार सळया

आज दिवसभर तापीकाठी थाळनेरला. भूगर्भशास्त्र शिकवणारा मित्र पोरांना घेऊन आला होता, मी आपला टेपचं टोक धरायला. खानदेशच्या फारुकी सुलतानांची ही पहिली राजधानी. १८१८ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला; आता वर दिसतं ते थोडकंच.

जमिनीखाली जुनं बांधकाम आहे का, ते न खणता बघायचं होतं. किल्ल्याजवळच्या शेतात चार सळया एका रेषेत, मीटर-मीटरवर ठोकायच्या. बाहेरच्या दोघींतून वीज सोडायची, आतल्या दोघींत व्होल्टेज मोजायचं. मग सगळं उपटून मीटरभर पुढे. (पाठीचे हाल विचारू नका.) खाली दगडी पाया असला तर जमिनीचा विजेला होणारा रोध वाढतो, बुजलेल्या खंदकात ओल टिकते, तिथे तो उतरतो. जमिनीखालचं टिपणारं रडार का नाही आणलं? तर म्हणे, काळ्या चिकणमातीत त्याच्या लहरी लवकर विरतात.

बांधावर बसलेल्या आबांचा एकच प्रश्न, "सोनं निंघनं का भो?"

दुपारी सलग सहा ठिकाणी आकडा चढला. आम्ही हरखलोच! तेवढ्यात आबा म्हणाले, इथून जुनी गाडीवाट जायची, मुरूम ठोकलेली. मित्राने वहीत त्या सहा आकड्यांपुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं आणि चहा मागितला.

रविवारी तिथेच आडव्या रेषेत सळया ठोकून बघायचंय.