दमसास

एका खाणकामगाराच्या भरपाईच्या दाव्यात विरुद्ध बाजूच्या, म्हणजे खाण कंपनीच्या, वकिलाने माझ्या जबानीच्या मध्यावर पडद्यावर एक व्हिडिओ लावला. चर्चच्या मागचा हॉल, घडीच्या खुर्च्या, एका मायक्रोफोनभोवती पाच जण. ब्लूग्रासवाले (अमेरिकेतलं बँजो-व्हायोलिनचं लोकसंगीत वाजवणारे) असेच उभे राहतात; ज्याची पाळी तो पुढे सरकतो, बाकीचे मागे होतात. मधोमध बँजो घेऊन माझा पेशंट. गाणं ‘डार्क ॲज अ डंजन’, मर्ल ट्रॅव्हिसचं, १९४६ सालचं. कोळशाच्या खाणीत पोट शोधू नका, असं पोरांना विनवणारं.

“डॉक्टर, या माणसाला दम पुरत नाही असं तुम्ही लिहून दिलंय ना?”

मी छातीचा डॉक्टर, नैऋत्य व्हर्जिनियातल्या डोंगरांत. ब्लूग्रासचा नामवंत गायक राल्फ स्टॅनली इथलाच. व्हिसाची अट म्हणून तीन वर्षांसाठी आलो, बारावं चालू आहे. लहानपण चंद्रपुरात गेलं, त्यामुळे दोरीवरचे कपडे कोळशाची धूळ झटकून घरात घ्यायचे असतात हे इथे कुणी मला शिकवायची गरज पडली नाही. (पेशंटची ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.)

हा गृहस्थ ६६ वर्षांचा. २७ वर्षं जमिनीखाली, त्यातली निम्मी रूफ बोल्टरवर. म्हणजे छत अंगावर येऊ नये म्हणून त्यात भोकं पाडून लोखंडी बोल्ट बसवायचे. ते छत बहुधा वालुकाश्माचं, आणि त्यातली सिलिका कोळशाच्या धुळीपेक्षा कितीतरी जहरी. कोळशाचे जाड थर केव्हाच काढून झाले; आता दीड-दोन हात कोळशासाठी वरखालचा दगडही कापतात. आजोबांच्या पिढीबरोबर गेला असं वाटलेला ब्लॅक लंग, म्हणजे खाणीतल्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, त्यामुळेच परत आला. याच भागातल्या तीन दवाखान्यांत २०१३ ते २०१७ या काळात त्याच्या सर्वांत वाईट अवस्थेतले ४१६ जण सापडले. धूळ मोजायचा पंप प्रत्यक्षात धुळीपासून लांब कुठे टांगलेला असे, हे पेशंट मला हसत हसत सांगतात. मला हसू येत नाही.

भूमिगत कामाची १५ वर्षं भरली असतील तर कायदा एक गोष्ट गृहीत धरतो: फुप्फुस कामातून गेलं असेल तर ते धुळीनेच. तसं नाही हे दाखवायचं ओझं कंपनीवर. त्यामुळे सगळं भांडण ‘कामातून गेलंय का’ एवढ्यावर येतं आणि ते नळीत फुंकून ठरतं.

आमच्याकडे ही चाचणी घेणारी बाई इथलीच. तिचा बाप याच आजाराने गेला. नाकाला चिमटा लावते, छाती भरून श्वास घ्यायला लावते आणि मग तालमीतल्या वस्तादासारखी ओरडते: सोड, सोड, अजून सोड! आलेख सपाट होईपर्यंत सुटका नाही. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली, तो आकडा महत्त्वाचा. तीन फुंकरा नीट लागतात, आणि त्यांतल्या वरच्या दोन आकड्यांत १०० मिलिलिटर किंवा ५ टक्के, यांत जे जास्त असेल त्याहून अधिक फरक चालत नाही. अंगचोर फुंकर आलेखावर लपत नाही. सुरुवातीचं टोक बोथट येतं. याचं टोक सुईसारखं होतं. १.६१, १.५८, १.६४ लिटर. वय-उंचीच्या तक्त्यातल्या मर्यादेच्या खाली. कंपनीने नेमलेल्या डॉक्टरांकडे आकडा मर्यादेच्या वर गेला आणि आमच्या चाचणीवर शेरा पडला: ‘पुरेसा जोर लावलेला नाही.’ शेरा मारणाऱ्याने एकदा या बाईपुढे बसून जोर न लावता दाखवावा.

व्हिडिओवर मी दिलेलं उत्तर बरोबरच होतं. गाताना हवा बारीक धारेने सुटते, चाचणीत अख्खी बादली उपडी करायची असते. एक जमलं म्हणून दुसरं जमतंच असं नाही. वकील मान डोलावत होता. मग सहज विचारल्यासारखं म्हणाला, “पण श्वासावर त्याचं नियंत्रण चांगलं आहे, एवढं तर मान्य?”

मी हो म्हणालो. श्वास ताब्यात असलेला माणूस चाचणीत तो मुद्दाम कमीही सोडू शकतो, असा त्याचा अर्थ लावता येईल हे नंतर लक्षात आलं.

संध्याकाळी त्या बाईला सांगितलं. तिने व्हिडिओ पुन्हा लावायला लावला. “डॉक, तुम्ही त्याचा गळा ऐकलात. बाकीच्यांना ऐका.”

ऐकलं. तो ओळ मध्येच सोडतो, उरलेली फिडलवाला (फिडल म्हणजे व्हायोलिनच) वाजवून पुरी करतो. ध्रुवपदात तो खालच्या सुरात सरकतो, वरचा दुसराच कुणी घेतो. कडव्यानंतर लांबलचक बँजो. तोंड मिटलेलं, खांदे वरखाली. गाणं संथ, तीन मात्रांचं, म्हणून कुणाला काही खटकत नाही. आमच्या गल्लीतल्या भजनात म्हातारे बुवा दमले की टाळकरी अशीच ओळ उचलून धरायचे. शेकडो वेळा पाहिलेली गोष्ट, आणि ऐन वेळी मला ती दिसली नाही.

पुढच्या खेपेला मी त्याला विचारलं, हेझल डिकन्स या गायिकेचं ‘ब्लॅक लंग’ गाता का? तिने ते स्वतःच्या भावाच्या मरणावर केलेलं.

“नाही. ती ते साथीशिवाय गायची, डॉक. त्यात लपायला जागा नाही.”

जाताना त्याने एक सीडी ठेवली, १९९८ मध्ये गॅरेजात रेकॉर्ड केलेली. त्यात तेच डंजनवालं गाणं. रात्री स्टॉपवॉच घेऊन बसलो. पहिल्या कडव्यात तेव्हा चार श्वास, आता नऊ. त्यातले दोन फिडलखाली असे दडवलेले की हेडफोन लावून तिसऱ्या खेपेला सापडले. पट्टीही उतरवलेली. याला पुरावा म्हणत नाहीत, हे मला कळतं. वय झालं, म्हणतील. आणि नियंत्रणाचं विचाराल तर ते होतंच, माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं. नव्हता तो दमसास. पण या शब्दाला वकिलाच्या भाषेत काय म्हणायचं, ते मला त्या दिवशीही सुचलं नसतं.

जबानीची छापील प्रत सहीला आली आहे. ३० दिवसांत दुरुस्त्या करता येतात, प्रत्येकीपुढे कारणाचा रकाना असतो. ४१व्या पानावर बाराव्या ओळीत माझा ‘हो’ आहे. पेशंटचा वकील म्हणतो, हात लावू नका, डॉक्टरने शब्द फिरवला म्हणतील. ती बाई म्हणते, रकान्यात ‘फिडल’ लिहा.

अजून नऊ दिवस आहेत.