सिलिंडरचा नंबर

आज लेकीचे डोळे तपासून आणले, चष्म्याला सिलिंडरचा नंबर निघाला. शाळेतून आली की कपाळ दुखतं म्हणायची, आणि फळ्याकडे डोळे बारीक करून बघते असं बाई पण म्हणाल्या होत्या. डॉक्टरांनी तिला पंख्यासारख्या पसरलेल्या रेघांचा एक तक्ता दाखवला, तर पोरगी म्हणते उभ्या रेघा काळ्याकुट्ट आहेत आणि आडव्या पुसट! मला तर सगळ्या सारख्याच दिसत होत्या, पोटात कालवलंच एकदम.

डॉक्टरांनी नीट समजावलं. डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग, कॉर्निया, एका दिशेला जास्त वाकलेला असला की प्रकाश एका बिंदूत जुळतच नाही, उभ्या आडव्याचा फोकस वेगवेगळ्या अंतरावर पडतो, मग जवळचं असो की लांबचं, कुठेतरी धूसर राहतंच. साधा नंबर दोन्ही फोकस एकत्र पुढेमागे सरकवतो, त्यांच्यातलं अंतर मिटवायला सिलिंडरच, म्हणजे एकाच दिशेने वाकवलेली काच, लागतो आणि तोही ठरलेल्या अॅक्सिसवरच, म्हणजे ठरलेल्या कोनातच. काच ३० अंश फिरली तर सिलिंडरचा फायदा जवळपास शून्य, म्हणून फ्रेम वाकडी बसता कामा नये. बाकी इंग्लंडच्या जॉर्ज एअरी या खगोलशास्त्रज्ञाने १८२५ च्या सुमारास स्वतःच्या डाव्या डोळ्यासाठी अशी काच बनवून घेतली होती, केवढा आधार वाटला वाचून!

ट्रायल फ्रेम लावून तिने खालची बारीक ओळ न अडखळता वाचली. चष्मा शनिवारी मिळेल. धाकट्यालाही तेव्हाच दाखवून घेणारे, कारण लहान मुलं स्वतःहून काहीच सांगत नाहीत, त्यांना वाटतं सगळ्यांना असंच दिसतं.