भर समुद्रात बी पॉझिटिव्ह

आमचं गाव वरोरा तालुक्यात. कापूस, सोयाबीन, तूर, आणि पाणी बरं पडलं तर थोडा हरभरा. समुद्र आमच्यापासून शेकडो किलोमीटर दूर, गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांनी तो पाहिलेलाच नाही, आणि मी मात्र सहा वर्षांपासून जहाजावर नोकरी करतो. मोठं नाही, लहानसं पण महागडं प्रवासी जहाज, साधारण १८० गेस्ट आणि आम्ही १३० कामगार. मी स्टुअर्ड आहे, म्हणजे केबिन लावणं, बेड करणं, टॉवेल बदलणं, संध्याकाळी परत जाऊन पडदे ओढून उशीवर चॉकलेट ठेवणं. सध्या सुट्टीवर घरी आहे, वेचणी संपली आहे, हातात वेळ आहे म्हणून मागच्या नोव्हेंबरातला तो एक दिवस लिहून काढतो, कारण घरी सगळं सांगताच येत नाही, मधेच कोणी चहा आणतं न कोणी बैल सोडतं.

दरवर्षी नोव्हेंबरात आमचं जहाज युरोपातून कॅरिबियनला जातं, थंडी सुरू झाली की धंदा तिकडं सरकतो. शेवटचं बंदर स्पेनच्या कॅनरी बेटांवरचं लास पाल्मास, मग सरळ बार्बाडोस. मधे २,७०० सागरी मैल नुसतं पाणी, आमच्या वेगानं आठ दिवस. आठ दिवसांचं दूध, भाजी, फळं, फुलं सगळं लास पाल्मासला चढवायचं, प्यायचं पाणी तेवढं जहाज समुद्राचंच गोड करून घेतं. गेस्टलोकांसाठी हे आठ दिवस म्हणजे निवांतपणा, बंदरात उतरायची घाई नाही, दुपारी चहा, पत्ते, ताऱ्यांवरचं व्याख्यान, डेकवर अंगावर घोंगडी घेऊन पुस्तक. आम्हाला काम तेवढंच, पण पश्चिमेला जाताना एक सुख असतं, चार रात्री घड्याळ एकेक तास मागे होतं आणि झोप एक तास जास्त मिळते. मार्च-एप्रिलात उलटं येताना तोच तास जातो, तेव्हा सगळ्यांचे चेहरे पाहून घ्या. वारा मागून असतो, लाट मागून येऊन जहाजाला हळूच उचलते न सोडते, कपाटातले हँगर रात्रभर टकटक करतात. सकाळी डेकवर उडते मासे पडलेले सापडतात, आणि अर्धं अंतर गेलं की पाण्यावर पिवळट-तपकिरी शेवाळाचे लांबच लांब पट्टे दिसायला लागतात, लांबून पाहिलं तर तुरीच्या कुटाराचे वाटतात.

पाचव्या दिवशी सकाळी आम्ही बरोबर मधात होतो. मागे साडेतेराशे मैल, पुढे साडेतेराशे मैल.

माझ्या केबिनींत एक म्हातारं इंग्रज जोडपं होतं. साहेब ७८ वर्षांचे, गुडघे गेलेले, पण रोज सकाळी मी दार वाजवायच्या आधी स्वतः उघडायचे न माझ्या घरची विचारपूस करायचे, कापसाला भाव काय मिळाला हे मला विचारणारा जहाजावरचा तो एकच गेस्ट. त्या दिवशी बाई नाश्त्याला गेल्या होत्या आणि साहेब पलंगावरच होते. म्हणाले, आज राहू दे, फक्त टॉवेल ठेव. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम, आणि एसी तर चालूच होता. मी बाथरूममधे गेलो न थांबलोच. कमोडच्या कडेला डांबरासारखं काळं, चिकट, आणि तो वास. तो वास मला माहीत होता. आमच्या आज्याला असंच झालतं, कंबर दुखते म्हणून मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या महिनाभर रिकाम्या पोटी खात होता, संडास काळी होऊन राहिली तर आम्हाला वाटलं गोळ्यांचा रंग असेल, तिसऱ्या दिवशी वावरात चक्कर येऊन पडला न दवाखान्यात पोचेपर्यंत गेला. पोटातल्या जखमेतलं रक्त खाली उतरेपर्यंत काळं होते हे आम्हाला नंतर डॉक्टरनं सांगितलं. साहेबाच्या टेबलावर गुडघ्याच्या दुखण्याच्या गोळ्या होत्या आणि बाजूलाच रक्त पातळ करायच्या, मी त्या रोज उचलून, पुसून परत ठेवायचो.

मी म्हटलं, सर, मी नर्सला बोलावतो. ते म्हणाले, नको, बायको घाबरेल, बार्बाडोसला पाहू. स्टुअर्डनं गेस्टचं ऐकायचं असतं, आमची अख्खी नोकरीच तेवढ्यावर आहे. मी ऐकलं नाही. तिथूनच फोन उचलला न इमर्जन्सीचा नंबर फिरवला.

डॉक्टरीणबाई साऊथ आफ्रिकेच्या, चार मिनिटांत बॅग घेऊन पळत आल्या. उठून बसवलं तर साहेबांना भोवळच आली. स्ट्रेचरवर खाली नेलं, बोट टोचून हिमोग्लोबिन पाहिलं, ६.२, म्हणजे फारच कमी. जहाजाच्या दवाखान्यात बरंच काही असतं, ईसीजी, एक्सरे, ऑक्सिजन, सलाईन, पोटातलं अॅसिड दाबायचं इंजेक्शन. दोन गोष्टी नसतात, पोटात दुर्बीण घालून जखम बंद करायची सोय आणि रक्त. रक्ताच्या पिशव्या फार दिवस टिकत नाहीत म्हणून आमच्या जहाजावर ठेवतच नाहीत. हेलिकॉप्टर किनाऱ्यापासून दोन-अडीचशे मैलांपलीकडं सहसा येत नाही, आम्ही तर त्याच्या कितीतरी पुढं. कॅप्टननं वेग वाढवला, इंजिनचा आवाज बदलला ते आम्हाला खाली पायांत जाणवलं, तरी तीन दिवसांच्या आत जमीन नव्हती.

साडेदहाला स्पीकरवर कॅप्टनचा आवाज आला. कोण आजारी आहे ते सांगितलं नाही. एवढंच म्हणाला की ज्यांचा रक्तगट बी पॉझिटिव्ह आहे आणि ज्यांनी आधी कधी रक्त दिलेलं आहे त्यांनी तिसऱ्या डेकवर दवाखान्यात यावं. चालती-फिरती रक्तपेढी म्हणतात याला, सैन्यात ही पद्धत जुनी आहे, पिशवी नसेल तर माणूसच पिशवी. मी मेसमधे होतो, ताट तसंच ठेवून निघालो.

आता गंमत पाहा, गेस्टमधे बी गटाचे निघाले फक्त तिघं, एक ८० वर्षांचा आणि दोघं स्वतःच रक्त पातळ करायच्या गोळ्यांवर. युरोपातल्या लोकांत बी गट दहात एखादा असतो. आपल्याकडं बी पॉझिटिव्ह म्हणजे घरोघरी, आणि फिलिपिन्स-इंडोनेशियातही बरेच. त्यामुळं दवाखान्याबाहेरच्या त्या अरुंद पॅसेजमधे जी लाईन लागली ती सगळी आमची होती, किचनमधली पोरं, डेकवरची, इंजिनरूममधला एक, लॉन्ड्रीतला रत्नागिरीचा दादा, बारवरचा गोव्याचा. जहाज डुलत होतं न आम्ही सगळे एका हातानं कठडा धरून उभे. कोणी कोणाला काही म्हणत नव्हतं.

आत एकेकाची तपासणी. आधी कार्डवरच्या गोलात रक्ताचा थेंब टाकून गट परत पाहायचा, मग एचआयव्ही, रक्तातून पसरणाऱ्या बी न सी अशा दोन्ही कावीळ, मलेरिया, हिमोग्लोबिन. रत्नागिरीच्या दादाला मागच्या सुट्टीत मलेरिया झाला होता, त्यानं खरं सांगितलं, डॉक्टरबाईंनी नाही म्हटलं. तो बाहेर येऊन पॅसेजमधेच उभा राहिला, मला म्हणाला, बी असून काय उपयोग रे. पूर्ण वेळ तो तिथून हलला नाही.

माझ्यावेळी डॉक्टरबाईंनी विचारलं, घरात कोणाला रक्ताचा आजार? मी म्हटलं, हो, बहिणीला सिकलसेल. त्यांनी पेन खाली ठेवलं.

आमच्या लहानीला सिकलसेल आहे. आमच्या भागात, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया, नागपूर, हा आजार भरपूर आहे, रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात न बारीक नसांत अडकतात. आई-बाबा दोघंही वाहक, त्यांना स्वतःला काहीच त्रास नाही, पण अशा जोडप्याच्या दर लेकराला चारात एक वेळा हा आजार यायचा धोका असतो, चारात दोन वेळा नुसतं वाहक व्हायचा, न चारात एक वेळा लेकरू पूर्ण सुटतं. लहानीला तो आला न मी सुटलो. एकाच घरात, एकाच ताटात जेवणारी दोघं. तिला दुखणं उठलं की हाडं आतून कोणी ठेचून राहिलं असं ती म्हणते, हिवाळ्यात जास्त. मी बारावीत असताना एका रात्री तिचं रक्त एकदम कमी झालं, बाबांनी तिला वरोऱ्याहून रेल्वेनं सेवाग्रामला नेलं, खांद्यावर टाकून, आणि तिथं कस्तुरबा दवाखान्यात एका कॉलेजच्या पोरानं तिच्यासाठी रक्त दिलं. बाबा त्याचं नाव विचारायला गेले तोवर तो निघून गेलता. बाबा अजूनही त्या पोराची गोष्ट काढतात, निळा शर्ट होता म्हणतात, बस्स एवढंच. तेव्हापासून मी अठराचा झाल्यावर जमेल तेव्हा रक्त देतो.

सरकारनं २०२३ च्या जुलैत सिकलसेल हटवायची देशभराची मोहीम काढली, २०४७ चं लक्ष्य ठेवलं, पण आमच्याकडं शाळांतून तपासण्या त्याच्या आधीपासून व्हायच्या. माझा तो रिपोर्ट, एए म्हणजे नॉर्मल, मोबाईलमधे फोटो काढून ठेवलेला आहे, आईनंच सांगितलं होतं की लग्न जमवताना लागते, जवळ ठेव. अटलांटिक समुद्राच्या मधात मी तो फोटो डॉक्टरबाईंना दाखवला. त्यांनी दोन बोटांनी मोठा करून नीट वाचला, तारीख पाहिली, माझ्याकडं पाहिलं न म्हणाल्या, चल, झोप इथं.

पलंगावर आडवा झालो. नर्सनं सुई टोचली न पिशवी अडकवली ती एका ताणकाट्याला. अगदी आपल्या वावरात वेचलेल्या कापसाचं गाठोडं ज्याला टांगतात तसाच, फक्त लहान. किती रक्त भरलं ते वजनावरून पाहायचं होतं, ४५० मिली. पण जहाज हलत होतं न काटा एका जागी थांबतच नव्हता, खाली-वर, खाली-वर. नर्सनं ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथं, फोन केला. दोन मिनिटांत जहाजाचा डोल कमी झाला. कॅप्टननं लाट पूर्ण मागून येईल अशी दिशा थोडी वळवली होती, एका ताणकाट्यासाठी अख्खं जहाज वळवलं. पिशवीतल्या औषधात रक्त मिसळत राहावं म्हणून ती हलवत राहावी लागते, ब्लडबँकेत त्याला मशीन असते, इथं उरलेला जो थोडा डोल होता तोच पिशवी हलवत होता न नर्स खालून तळहात लावून होती. मी त्या पिशवीकडंच पाहत होतो. दहा मिनिटं लागली असतील.

मधे फक्त एक हिरवा पडदा होता. पलीकडं साहेब. माझी पिशवी निघाली न तशीच, कोमट, पडद्यापलीकडं गेली. तिकडून बाईंचा बारीक आवाज ऐकू आला, त्या त्यांच्याशी कुठल्यातरी बागेतल्या झाडांबद्दल बोलत होत्या, काहीतरी छाटायचं राहिलं म्हणून.

माझ्यानंतर किचनमधला फिलिपिनो पोरगा, मग बारवरचा गोव्याचा, मग रात्री डेकवरचा इंडोनेशियन. चार पिशव्या. मला दिवसभर सुट्टी दिली, ज्यूस दिला, बिस्किटं दिली, पण केबिनमधे डोळा लागेना. खोलीत खिडकी नाही आमच्या, पाणी मात्र पत्र्यापलीकडूनच जाते, त्याचा आवाज ऐकत पडलो. संध्याकाळी नर्स स्वतः दार वाजवून गेली, साहेबांचं हिमोग्लोबिन ८.१ म्हणाली न गेली. रत्नागिरीचा दादा रात्री माझ्यासाठी मेसमधून वरण-भात घेऊन आला, त्याच्यावर लिंबू पिळून.

पुढचे तीन दिवस साहेब खालीच होते. काळी संडास थांबली, गोळ्या बंद केल्या होत्या. मी त्यांची केबिन रोज लावायचो, बाईंची एक बाजू वापरलेली न साहेबांची बाजू तशीच ताठ चादर. कोणी रक्त दिलं हे डॉक्टरबाईंनी सांगितलं नव्हतं, सांगायचं नसते. पण माझ्या दंडावरची पट्टी बाईंना दिसली. त्यांनी विचारलं नाही काही. फक्त माझ्या गावाचं नाव विचारलं, म्हटलं लिहून दे, आणि मी लिहिलं तर त्यांनी ते तीन-चारदा म्हणून पाहिलं, बरोबर येईपर्यंत.

बार्बाडोसला सकाळी सातला लागलो. धक्क्यावर अँब्युलन्स उभीच होती. साहेब स्ट्रेचरवर होते पण जागे, दाराशी मी दिसलो तर हात वर केला. मी धरला. गरम होता हात.

आठला मला पंधरा मिनिटं मिळाली, मी बाहेर येऊन घरी फोन लावला. तिकडं साडेपाच वाजले होते संध्याकाळचे, आई वावरातच होती, मागं बायांचा गलका. मी थोडक्यात सांगितलं.

"रगत देल्लं? कोणाले देल्लं रे बाबू?"

"एका म्हाताऱ्याले, माय. इंग्रज आहे."

"वाचला का?"

"वाचला. आत्ताच दवाखान्यात नेलं."

ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तुह्या बाबाले सांगतो मी. त्याईले तो निळ्या शर्टवाला पोट्टा लय आठवते." मग आवाज बदलला, "तू जेवला का? चक्कर गिक्कर तं नाई येऊन राहिली न?"

मी म्हटलं नाही. तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, वैनी, काटा धरा न, अंधार पडून राहिला.

"हाव, आली," आई म्हणाली, "ठेवतो बाबू, बायाईचा कापूस मोजाचा हाय."