डोळे ‘नॉर्मल’, तरी पायरी दिसेना

बाबांच्या पार्किन्सन्सला बरीच वर्षं झाली. थरथर, मंदावलेली चाल, गोळ्यांच्या वेळा हे सगळं अंगवळणी पडलं होतं. नजरेचं दुखणं मात्र नवीन होतं, आणि त्यापायी नेत्रविभागाने आम्हाला जे फिरवलं, त्याचा राग अजून गेलेला नाही.

तक्रार साधी होती. जिन्याची शेवटची पायरी त्यांना कळायची नाही. वाचताना ओळी एकमेकींत शिरायच्या. तिन्हीसांजेला खुंटीवरचा कोट माणूस वाटायचा. नेत्रविभागात दर वेळी तेच: उजळलेल्या पांढऱ्या तक्त्यावरची काळीकुट्ट अक्षरं वाचा, "६/६! डोळे ठणठणीत आहेत आजोबांचे, न्यूरोलॉजीला दाखवा." न्यूरोलॉजीच्या खिडकीवर, "दिसत नाही ना? मग आधी डोळ्यांचा रिपोर्ट आणा." रिपोर्ट होता की, त्यावर ‘नॉर्मल’ लिहिलेलं. आणि नॉर्मल माणसाला पुढची तारीख कोण देणार? मी म्हटलं, अहो, पायरी काही काळ्या शाईने छापलेली नसते, करड्यावर करडी असते. टेबलामागच्या बाईंनी पुढचा नंबर पुकारला.

अखेर एका तरुण डॉक्टरीणबाईंनी वेगळा तक्ता काढला. त्यात अक्षरं सगळी एकाच मापाची, पण तीन-तीनच्या गटाने फिकट होत जाणारी. बाबा मध्येच थांबले. "संपली की अक्षरं," म्हणाले. खाली अजून कितीतरी बाकी होती! मग त्यांनी पेन बाबांच्या नाकाजवळ आणलं, तर एक डोळा बाहेर सरकला. ओळी दुहेरी होत होत्या त्या यामुळे. वाचायला प्रिझमचा, म्हणजे दोन प्रतिमा एकत्र आणणारा, चष्मा मिळाला. तुम्ही जाल तेव्हा पेली-रॉबसन तक्ता (तो फिकट अक्षरांचा) आणि कन्व्हर्जन्स तपासणी (ती पेनाची) नाव घेऊन मागा. आपणहून कुणी करत नाही.

न्यूरोलॉजिस्टांनी मग नीट समजावलं. डोपामिन, म्हणजे पार्किन्सन्समध्ये मेंदूत कमी पडणारं रसायन, डोळ्याच्या पडद्यातही असतं, ते घटलं की फिक्या रंगांतला फरक कळेनासा होतो. त्यात मेंदूच्या भागांमधला संपर्क बिघडतो: फोन दोन्हीकडचे चांगले, लाइनीत खरखर. संशोधकांचा कयास असा, की नेमकं बघायला लावणारं मेंदूतलं लक्षाचं जाळं वेळेवर पुढे येत नाही आणि आठवणी-कल्पनांचं जाळं रिकामी जागा आपल्या मनाने भरून टाकतं. म्हणून कोटाचा माणूस होतो. साध्या एमआरआयमध्ये हे दिसत नाही. ज्या एफएमआरआयमध्ये (मेंदूचं काम चालू असताना टिपणारा स्कॅन) दिसतं, तो मुख्यतः संशोधनापुरता. त्यामुळे स्कॅनचा हट्ट धरू नका, मी धरला नाही.

पायऱ्यांच्या कडांना गडद पट्टी लावा. फरक त्याच दिवशी कळतो.

गोळ्यांची पूर्ण यादी जवळ ठेवा. अमँटाडिन आणि ट्रायहेक्सिफेनिडिल या पार्किन्सन्सच्याच गोळ्यांनी भास वाढू शकतात. बाबांची एक गोळी डॉक्टरांनी हळूहळू कमी केली. स्वतःहून बंद करायची नाही. भासांवर कुणी हॅलोपेरिडॉल लिहून दिलं, तर पार्किन्सन्स आहे हे ठासून सांगा, त्याने हालचाली आणखी आखडतात.

"मागे कुणी उभं आहे असं वाटतं का?" हेही विचारा. बाबांना वाटत होतं, पण आम्ही वेड्यात काढू म्हणून बोलले नव्हते.

आणि भास एक-दोन दिवसांत अचानक वाढले, तर नेत्रविभागाची तारीख बघत बसू नका. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग असू शकतो, लगेच डॉक्टरांकडे न्या.