बारा सिलिंडर, चोवीस प्लग: जुन्या आलिशान गाडीचं मिसिंग काढताना (माझा अनुभव)

इंजिन थंड असताना मिसिंगचं (सिलिंडरमधलं पेट्रोल नीट न पेटण्याचं) नाव नाही. अर्धा तास चालवल्यावर मात्र उभ्या गाडीत बारीक थरथर, गॅस दिला की झटका, आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागतो. दोन टर्बोचं व्ही-१२ (सहा-सहा सिलिंडरच्या दोन रांगा), दर सिलिंडरला दोन प्लग, वय विशीच्या आसपास, किलोमीटर मात्र कमी. अशा इंजिनाचं मिसिंग मी काढलं, त्याचा क्रम इथे देतोय. गाडीचं नाव महत्त्वाचं नाही, या वर्गातल्या बऱ्याच इंजिनांना हाच क्रम चालतो.

दिवा स्थिर पेटणं आणि लुकलुकणं यात मोठा फरक आहे. लुकलुकतो तेव्हा न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर शुद्ध करणाऱ्या डब्यात) जाऊन पेटत असतं आणि आतली जाळी वितळण्याचा धोका असतो. टर्बो इंजिनात पहिला कन्व्हर्टर बहुतेक वेळा टर्बोच्या लगेच मागे असतो, त्यामुळे तो गेला तर कॉइलचा (ठिणगीचं व्होल्टेज तयार करणाऱ्या भागाचा) खर्च किरकोळ वाटावा असं बिल होतं. म्हणून "पुढच्या सर्व्हिसला बघू" हा पर्यायच नाही. गाडी उभी करायची.

आता खर्चाबद्दल. या गाड्यांची इंजिनं नाजूक असतात असं सरसकट म्हटलं जातं, ते मला पटत नाही. क्रँक, बेअरिंग, पिस्टन हा खालचा भाग बहुतेकदा दणकट असतो. सहा लिटरच्या इंजिनाकडून शहरात फारशी ताकद मागितलीच जात नाही. म्हातारं होतं ते भोवतालचं सामान: रबरी होज, प्लॅस्टिकचे जोड, व्हॅक्यूमच्या नळ्या, कॉइल, वायरिंगचे प्लग. यातलं काहीच किलोमीटरवर झिजत नाही, वर्षांवर आणि उष्णतेवर झिजतं. त्यामुळे "कमी चाललेली आहे" ही जाहिरात ऐकून मी उलट सावध होतो. छोट्या फेऱ्यांमध्ये ऑइल पुरतं तापत नाही, त्यात पेट्रोल आणि पाणी साठत जातं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की सील सुकतात.

दुसरा खर्च म्हणजे हात पोचवण्याचा. बेंटलीच्या कॉन्टिनेंटल जीटीमध्ये २००३ पासून आलेलं डब्ल्यू-१२ बघा: १५ अंशांच्या अरुंद कोनातल्या दोन जोड्या, त्या एकमेकींशी ७२ अंशांत बसवलेल्या. बारा सिलिंडर इतक्या आखूड जागेत बसवले की मागच्या बाजूला बोट घालायलाही वाव नाही. टर्बोपाशी किंवा मागच्या कूलंट होजपाशी जायचं तर बऱ्याचदा इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र खाली उतरवावे लागतात. होज स्वस्तातला, पण त्याच्यामागे मजुरीचे तास इतके की वस्तूची किंमत विचारण्यात अर्थ उरत नाही. याउलट बेंटलीचंच १९५९ ते २०२० पर्यंत बनलेलं जुनं व्ही-८, पुढे ६.७५ लिटरचं झालेलं. ब्लॉकमध्ये एकच कॅमशाफ्ट आणि पुशरॉड. त्याचे भाग स्वस्त नाहीत, पण इंजिनाची रचना साधी आहे.

आणि गाडीची बाजारातली किंमत उतरते तशी भागांची उतरत नाही. नव्या किमतीच्या एक दशांशात घेतलेल्या गाडीलाही भाग नव्या गाडीच्याच भावाने लागतात. खरेदीआधी हे गणित कागदावर मांडावं.

तर मिसिंग. साधा ओबीडी स्कॅनर (गाडीतले दोषांचे कोड वाचणारं यंत्र) पी०३०० (मिसफायर, म्हणजे मिसिंगचा कोड) आणि त्यापुढचे सिलिंडरचे कोड दाखवतो, पण ते पुरत नाही. कंपनीच्या पातळीचा स्कॅनर लावून दर सिलिंडरचा मिसफायर काउंटर चालू इंजिनात बघावा लागतो. सिलिंडरचं नंबरिंग आधी मॅन्युअलमधून पक्कं करून घ्या, नाहीतर चुकीची बाजू उघडाल. बॅटरीला चार्जर लावून ठेवा. व्होल्टेज पडलं की या गाड्यांमधली मॉड्यूल भलतेसलते कोड टाकतात आणि त्यांच्या मागे वेळ जातो.

इंजिन तापल्यावर एकाच रांगेतल्या तीन सिलिंडरचे काउंटर चढत होते, दुसरी रांग शून्यावर. फ्युएल ट्रिम (इंजिनाचा संगणक पेट्रोलच्या मापात करतो ती दुरुस्ती) दोन्हीकडे सारखे, म्हणजे एका रांगेपुरती हवेची गळती हा मुद्दा नाही, आणि पेट्रोलचा दाब कमी असता तर दुसरी रांगही शून्यावर राहिली नसती. एकच सिलिंडर असता तर प्लग, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशनचा संशय घेतला असता. अख्खी रांग एकदम मेली असती तर वीजपुरवठ्याकडे पाहिलं असतं. तीन सिलिंडर, एकच रांग आणि फक्त गरम असताना, यावरून पहिला संशय कॉइल पॅकवर जातो.

या प्रकारच्या इग्निशनमध्ये सिलिंडरगणिक सुटी कॉइल नसते. एका रांगेला एक लांब पॅक, त्याला खाली बारा बूट (प्लगवर चढणाऱ्या रबरी नळ्या). वेगळा ट्रान्सफॉर्मर बॅटरीचं व्होल्टेज वाढवून पॅकला सुमारे १८० व्होल्ट देतो, म्हणून चालू इंजिनात तिथे हात घालायचा नाही. पॅक नुसती ठिणगी देत नाही. ठिणगीनंतर सिलिंडरमधला आयन करंट मोजून मिसफायर आणि नॉकिंग ओळखायचं कामही त्याच्याच मार्फत होतं. म्हणजे बिघडलेला पॅक मिसिंग करूही शकतो आणि नसलेलं मिसिंग सांगूही शकतो. म्हणून काउंटरच्या जोडीला इंजिनाची प्रत्यक्ष थरथर जुळते का ते बघा.

पॅक मरतो तो उष्णतेने. गाडी बंद केल्यावर टर्बोची धग बोनेटखाली साठते, वरून आवाज दाबणारी झाकणं. आतलं इपॉक्सी तापून-थंडावून बारीक तडकतं, तापल्यावर तड उघडते आणि ठिणगी आतल्या आत पळते. थंड इंजिनात सगळं ठीक वाटण्याचं कारण हेच.

पॅक मागवण्याआधी इंजिनाची प्रकृती पाहणं मला आवश्यक वाटतं. मेलेल्या सिलिंडरवर महागडा पॅक बसवून उपयोग नाही. काहीही न खोलता होणारी चाचणी म्हणजे स्टार्टरच्या केबलला करंट क्लॅम्प लावून ऑसिलोस्कोपवर आलेख बघणं, इंजेक्टर बंद ठेवून. बारा सिलिंडरमध्ये दर ६० अंशांना एक कॉम्प्रेशन येतं, त्यामुळे शिखरं चार सिलिंडरसारखी सुटी दिसत नाहीत, एकमेकांत मिसळतात. तरी एखादा सिलिंडर फार कमजोर असेल तर लयीत खड्डा दिसतोच. इथे लय एकसारखी होती, खड्डा नव्हता.

पॅक काढताना घाई नको. कनेक्टरचं प्लॅस्टिक वर्षानुवर्षं भाजून ठिसूळ झालेलं असतं. खटका दाबून सरळ ओढायचं, पान्याने उचकायचं नाही. पॅक दोन्ही टोकांनी थोडा थोडा उचलायचा. एका बाजूने तिरपा ओढला तर बूट फाटून विहिरीत (प्लग बसतो त्या खोल भोकात) राहतो. प्लग सैल करण्याआधी प्रत्येक विहिरीत कॉम्प्रेसरची हवा मारा, नाहीतर साठलेली माती सिलिंडरमध्ये पडेल. पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यात प्लग क्रमाने लावले, कारण कोणता कुठला हे नंतर आठवत नाही.

इथे खरी माहिती मिळाली. दोन विहिरींच्या तळाशी ऑइल होतं. त्यातल्या एका प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर केसाएवढी काळी रेघ, वरच्या टोकापासून खाली धातूपर्यंत. ती मळाची नव्हती, पुसून गेली नाही. ठिणगी इलेक्ट्रोडवर न जाता बाहेरून हेडला पळत होती, तिने जाळलेली वाट. व्हॉल्व्ह कव्हरच्या पॅकिंगमधून ऑइल झिरपतं, बुटाचं रबर फुगतं, इन्सुलेशन जातं आणि कॉइलवर ताण येतो. नुसता नवा पॅक लावून कव्हर तसंच ठेवलं तर नवा पॅकही त्याच वाटेने जाणार.

प्लग निघालेच होते म्हणून संशयित तीन आणि तुलनेला एक निरोगी सिलिंडर, यांची लीक-डाउन चाचणी (सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरून किती सुटते ते मोजणं) केली. गळती १० टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम, २० च्या पुढे गेली तर हवा कुठून सुटते ते ऐकायचं: सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइलच्या तोंडातून आली तर रिंगा, कूलंटच्या टाकीत बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. चारही सिलिंडर १० च्या आत निघाले.

दोन्ही रांगांच्या पॅकची अदलाबदल करून दोष संशयित पॅकबरोबर सरकतो का हे बघणं सगळ्यात स्वस्त निदान आहे, पण पार्ट नंबर दोन्हीकडे एकच असेल तरच. इथे होता आणि दोष सरकला. रिपेअर केलेले पॅकही मिळतात. फक्त मेलेली कॉइल बदलून बाकीच्या जुन्याच ठेवल्या असतील तर मी घेत नाही, कारण उरलेल्या कॉइलनी तेवढीच उष्णता खाल्लेली असते. सगळ्या कॉइल बदलून भाराखाली तापवून तपासलेला असेल तर विचार करण्यासारखा आहे.

भाग शोधताना इंजिनाचं घराणं बघा. मायबाख ५७ आणि ६२ चं व्ही-१२ मर्सिडीजच्या ६०० मालिकेतल्या इंजिनाचंच भावंड आहे, आणि पहिल्या पिढीच्या रोल्स-रॉइस घोस्टचं ६.६ लिटर इंजिन बीएमडब्ल्यूच्या व्ही-१२ वर आधारलेलं. सेन्सर, थर्मोस्टॅट, पंप अनेकदा सारखे असतात, फक्त डब्यावरचं नाव आणि आकडा बदलतो. जुन्या भागावर कोरलेला मूळ उत्पादकाचा नंबर टिपून ठेवला की शोध सोपा होतो.

व्हॉल्व्ह कव्हरचं पॅकिंग, त्या बाजूचे ब्रीदर होज आणि हाताला लागलेल्या व्हॅक्यूमच्या नळ्या पॅक बदलतानाच बदलल्या. नवे निकेलचा मुलामा असलेले प्लग कोरडेच बसवायचे. अँटी-सीझ (आटे अडकू नयेत म्हणून लावायचा लेप) लावलं तर घर्षण कमी होऊन त्याच टॉर्कला प्लग जास्त ताणला जातो आणि ॲल्युमिनियमचे आटे जातात. हेड पूर्ण थंड, आधी हाताने आटे धरू द्यायचे, मग मॅन्युअलमधल्या टॉर्कला.

इंटरकूलर पाण्यावर चालणारा असेल तर त्याचा छोटा इलेक्ट्रिक पंप याच वेळी तपासा. तो बंद पडला तर कोणताही आवाज होत नाही. टर्बोने दाबलेली हवा गरम राहते, ईसीयू (इंजिनाचा संगणक) बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, कमी करतो आणि गाडी सुस्त वाटते. लोक टर्बो बदलायच्या गोष्टी करतात आणि दोष त्या पंपात असतो. स्कॅनरवर इनटेक हवेचं तापमान लावून चालवलं की कळतं: पंप ठीक असेल तर जोर दिल्यावर चढलेलं तापमान गॅस सोडताच खाली येतं.

जुळणीनंतर इंजिन पूर्ण तापवून, थंड करून, पुन्हा तापवून काउंटर बघितले. सगळे शून्यावर, ट्रिम अधिक-उणे ५ टक्क्यांत. टर्बोच्या दांड्याला आडवी किंचित हालचाल होती, बेअरिंगमध्ये ऑइलचा दाब नसताना ती चालते. पुढे-मागे हालचाल नव्हती आणि पाती घराला घासल्याची खूण नव्हती, म्हणून टर्बोला हात लावला नाही. दुसऱ्या रांगेचा पॅकही तोच ठेवला, फक्त तिकडचे प्लग आणि बूट नवे घातले. मागचे कूलंट होज दाबून पाहिले तर कडक झालेत, पण प्रेशर टेस्टमध्ये दाब टिकला. गिअरबॉक्सच्या कामाला गाडी उतरवावी लागेल तेव्हा ते आणि इंजिनाचे माउंटिंग एकत्र करायचे, असं जॉब कार्डावर लिहून ठेवलंय.